खुणांची फळी

१

मागच्या पडवीत दोन खुंट्या होत्या आणि खुंट्यांवर काहीच नव्हतं.

दिव्यानी त्या मोकळ्या भिंतीकडं बघत उभी राहिली. मूल गावची हिवाळ्यातली सकाळ होती. राइस मिलच्या उकडत्या धानाचा वास अंगावर घेऊन धुकं पडवीत शिरलं होतं, आणि असल्या धुक्यात एखादी वस्तू दिसली नाही तर माणूस आधी आपल्याच डोळ्यांवर संशय घेतो. तिनं भिंतीवरून हात फिरवला. फळीच्या आकाराचा चुना बाकीच्यापेक्षा पांढरा होता. काल संध्याकाळी फळी इथंच होती, आज नव्हती.

या इमारतीला गावात फळीलाइन म्हणतात. जुन्या बाजारातली चार दुकानांची ही लांबोडकी इमारत कोण्या लाकडाच्या ठेकेदारानं आलापल्लीच्या सागवानात बांधली. गडी हौशी असावा, कारण कंगवे आणि कंदील विकणाऱ्यांच्या दुकानांना त्यानं राजवाड्याला शोभावं असं लाकूड लावलं. शटर-बिटर इथं नाहीच. उंबऱ्याला एक खाच, वरच्या तुळईला एक खाच, आणि त्या दोहोंत उभ्या फळ्या एकामागून एक सरकवत न्यायच्या. शेवटच्या फळीला कुलूप. सकाळी फळ्या काढून भिंतीला टेकवायच्या, संध्याकाळी पुन्हा लावायच्या. क्रम चुकू नये म्हणून सुतारानं फळ्यांच्या कडेला चिरा पाडून ठेवल्या होत्या, पहिलीला एक, दुसरीला दोन, अशा. सगळ्या फळ्या एका मापाच्या. त्यातली एक जास्तीची निघाली. ती कोणत्याच दुकानाला लागली नाही, म्हणून पडवीतल्या खुंट्यांवर जाऊन बसली.

त्या फळीवर कंगवा कोरलेला होता, कंदील होता, छत्री होती, कल्हईवाल्याचा भाता होता, विडीवाल्याचं तेंदूचं पान होतं. इथं बसून गेलेल्या कारागिरांची सगळी वंशावळ. चंद्रपूरच्या एका संग्रहालयासाठी दिव्यानी फळीलाइनीचा इतिहास लिहीत होती, आणि आज संध्याकाळच्या गाडीनं ती फळी तिथं न्यायची होती. चौघा दुकानदारांनी, कोणी हसत, कोणी कुरकुरत, हो म्हटलं होतं.

एकच उणीव तिच्या डोळ्यांत खुपत होती. आज बसणाऱ्या चौघांच्या खुणाच फळीवर नव्हत्या. खाली जागा तर चांगली ऐसपैस होती. काल दुकानं बंद व्हायच्या सुमारास, कोणी बघत नाही असं पाहून, तिनं आपल्या छिन्नीनं नजमाबाईंची बांगडी कोरून टाकली. गोलच तो, सोपा. शिंप्याची कात्री, हार्मोनियमवाल्याची पेटी आणि बुरुडाची टोपली आज करायची आणि मग चौघांना बोलावून दाखवायचं, असा बेत होता. आता दाखवायला फळीच नव्हती.

"काय शोधून राह्यली व पोरी?" नजमाबाई दारात उभ्या होत्या. पहिल्या दुकानात त्या बांगड्या भरत. मूलच्या अर्ध्या बायकांचे हात त्यांच्या ओळखीचे होते.

"खुणांची फळी. कोणी काढली का?"

नजमाबाई काही बोलणार तोच शेजारच्या दुकानातून नानाजी शिंप्यांचा आवाज आला. मशीन थांबवून, मान वर न करता ते म्हणाले, "ज्याले जायाचं हाय त्यानं खुशाल जावं. फळीचं काय घेऊन बसली?"

नजमाबाईंचा चेहरा उतरला. नवरीनं आधी नानाजींकडं ब्लाउज मापून घ्यावा आणि तिथून उठून नजमाबाईंकडं बांगड्या भरायला बसावं, ही मूलची रीतच होती. इतक्या वर्षांत दोघांमध्ये कधी चढा आवाज झाला नव्हता.

"मले म्हटलं त्यानं," नजमाबाई हळूच म्हणाल्या. "मी जावं म्हणते तो." मग त्यांनी पदर सावरला. "बरं हाय. संध्याकाळी निकेश कागद घेऊन येते. सही करून टाकीन मी."

२

निकेश म्हणजे फळीलाइनीचा नवा मालक. ठेकेदाराच्या वारसांकडून त्यानं इमारत घेतली होती आणि तिथं त्याला दोन मजली मार्केट उठवायचं होतं. पण एका दुकानाची भिंत दुसऱ्याच्या तुळईवर उभी. एक सोडून गेलं की बाकीच्यांचं छप्पर टिकत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. म्हणून चौघांनी शब्द दिला होता की कोणी सही करणार नाही. तो शब्द आज संध्याकाळी मोडणार होता, आणि कशामुळं, तर एका गहाळ फळीवरून निघालेल्या टोमण्यामुळं.

महिनाभर दिव्यानी या लोकांचा चहा पीत होती. फळी सापडली नाही तर संग्रहालयाचं काय व्हायचं ते होवो, पण फळीलाइन मोडली तर तिनं लिहिलेला इतिहास म्हणजे मयताचा दाखला ठरला असता.

तिला सगळ्यात आधी निकेशचाच संशय आला. दुपारी तो भिंती मापायला आला तेव्हा तिनं सरळ विचारलं.

निकेश हसला. "मॅडम, मी काऊन नेऊ? तुम्ही फळी घेऊन जा म्हणून सगळ्यात आधी कोण म्हटलं होतं, आठवा. हे लोक त्या फळीले देवासारखे मानते. ती चंद्रपूरले गेली की याईचा अर्धा जीव निघाला असता. माहं त कामच सोपं होऊन राह्यलं होतं."

खरंच होतं ते. फळी बाहेर गेलेली निकेशला हवीच होती, मग ती चोरून तो प्रवास कशाला रोखेल? दिव्यानीनं मनातल्या मनात त्याचं नाव खोडलं आणि चौथ्या दुकानात गेली. तिथं इसरू बांबूच्या काड्या तासत होता. फळी द्यायला सगळ्यात जास्त कुरकुर यानंच केली होती.

"मी नाई म्हणत होतो, आताबी नाई म्हणतो," इसरू काडीवरची नजर न काढता म्हणाला. "पण चोरी करून नेऊ कुठी? माणसाएवढी फळी होय ते. मागं भिंत, समोर बाजार. रातभर चौकात धान उतरवणारे लोक शेकोटी करून बसले राह्यते. काखेत मारून नेली असती त गावभर झालं असतं."

"म्हणजे बाहेर गेलीच नाही?"

"इथीच हाय कुठी तरी. लाकडाले पाय नाई फुटत."

दिव्यानी बाहेर ओट्यावर आली. धुकं विरलं होतं आणि ऊन तुळयांच्या फटींतून पट्ट्यापट्ट्यांनी खाली उतरलं होतं. तिसऱ्या दुकानात रफीकभाऊ पेटीचा एकच सूर पुन्हा पुन्हा दाबून पाहत होते. झाडीपट्टीच्या नाटकांचे दिवस, त्यांच्याकडं कंपन्यांच्या पेट्यांची रांग लागलेली. तो एकटा सूर ऐकत असताना तिला वाटलं की आत्ता कंदीलवाला वात कापत बाहेर येईल, कल्हईवाला भाता फुंकील, आणि त्यांना विचारलं तर ते फळी कुठं आहे ते सांगतीलही. तिला अशी जागेपणी स्वप्नं पडायची. कामाच्या वेळी पडू नयेत, पण पडायची.

नानाजींनी तिला हाक मारली. "उन्हात काऊन उभी हायस? ये, बस."

कापडाच्या दोन पेट्यांवर फळी टाकून त्यांनी बसायला बाक केला होता. कालपर्यंत तिथं एक डुगडुगतं स्टूल असे. दिव्यानी बसली आणि सवयीनं तिची बोटं बाकाच्या कडेवरून फिरत राहिली. गुळगुळीत सागवान, मधेच चार बारीक चिरा.

"नानाजीभाऊ, नजमाबाई सही करणार म्हणतात."

कात्री कापडात अर्ध्यावर थांबली. "मले माहीत हाय," नानाजी म्हणाले. "मले कालपासून माहीत हाय."

दिव्यानी चमकली. नजमाबाईंनी तर ते आज सकाळी ठरवलं होतं, तिच्या डोळ्यांदेखत.

३

या कोड्यात बुडालेली ती रफीकभाऊंच्या दुकानात शिरली आणि उंबऱ्यावरच थबकली. जमिनीवर ताज्या सागवानी भुशाचा ढीग होता.

सूर दाबायचा थांबला. रफीकभाऊंनी तिच्या नजरेचा रोख ओळखला. "फळी कापली वाटते तुले?" ते अजिबात रागावले नाहीत. कोपऱ्यात जुन्या पलंगाचा कापलेला पाय पडला होता, तो त्यांनी उचलून दाखवला. "पेटीच्या खोक्याले जुनं लाकूड लागते. नवं लाकूड आवाज गिळते. पण त्या फळीले मी करवत लावीन? माह्या वडलाची पेटी हाय तिच्यावर. छत्रीच्या खाली, पाह्यली नाई काय?"

दिव्यानी गोंधळली. छत्रीखालचा तो चौकोन तिनं कित्येकदा कागदावर उतरवला होता, पण खोका समजून. "पण मग पेटी आधीच आहे फळीवर. मला वाटलं, तुमची खूण राहिली आहे."

"माही कशी असन? मी त बसलो हाय अजून."

"म्हणजे?"

रफीकभाऊंनी पेटी बाजूला सरकवली. ही गोष्ट सांगावी की नाही, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता. "हे आम्ही बोलत नसतो. दुकानात बसून बोलू बी नाई. पण तू विचारून राह्यली त ऐक. बसणारा कोरत नाई, सोडणारा कोरते. दुकान सोडाचं ठरलं की तो माणूस एकटा पडवीत जाते आणि आपली खूण कोरते. मंग बाकीच्याईनं पाह्यली तरी त्याले विचाराचं नाई. तो आपल्या तोंडानं सांगन तवा सांगन. त्याच्यानंतर सगळे मिळून त्याले जेवू घालते. माह्या बापानं खूण कोरली आणि लय दिवस बोलला नाई. आम्ही रोज पाहून गप राह्यत होतो. आवाज ऐकू येईनासा झाला होता त्याले, म्हणून सोडाचं ठरलं."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दिव्यानीला ती फार लांबून आल्यासारखी वाटली. काल संध्याकाळी ती पडवीत गुडघे टेकून, जीभ दातांत धरून, केवढ्या मायेनं तो गोल कोरत होती, ते तिला आठवलं.

तिनं नजमाबाईंची बांगडी कोरली नव्हती. तिनं नजमाबाईंचं जाणं कोरलं होतं.

४

आता सगळं आपोआप उलगडत गेलं. सकाळपासून ती फळी कोण नेईल असा विचार करत होती. खरा प्रश्न वेगळाच होता: ती बांगडी कोणाला बघवली नसती?

निकेशनं पाहिली असती तर आनंदानं सगळ्यांना दाखवली असती. इसरू आणि रफीकभाऊ नजमाबाईंशी आज नेहमीसारखे बोलत होते. त्यांनी काही पाहिलंच नव्हतं. आणि एक माणूस मात्र म्हणाला होता की नजमाबाई जाणार हे मला कालपासून माहीत आहे. कालपासून हे माहीत असायला जगात एकच जागा होती, ती म्हणजे फळी. विचारायची तर रीत नाही. मग त्या माणसानं काय करावं? खूण दुसऱ्या कोणाला दिसायच्या आत झाकून टाकावी. जी खूण कोणी पाहिली नाही, ती कोरणाऱ्याला अजून परत फिरता येतं.

आणि फळ्यांच्या इमारतीत फळी लपवायला वेगळी जागा शोधावी लागत नाही.

ती नानाजींच्या दुकानात परत आली. काढलेल्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. नानाजी बघत असताना तिनं वाकून फळ्यांच्या कडा एकामागून एक चाचपल्या. एक चीर. दोन. तीन. पुढच्या फळीची कड साफ होती, एकही चीर नाही. तिच्या पुढचीला पाच.

"चौथी बाकाला लावली तुम्ही," ती म्हणाली. "आणि चौथीच्या जागी ही लावली, तोंड आत करून."

नानाजी मशीनवरून उठले नाहीत. चष्मा काढून त्यांनी पुसला, आणि पुसतच राहिले.

"काल कुलूप लावून मागं हात धुवाले गेलो," ते म्हणाले. "पाहतो त बांगडी. ताजी, भुसा खाली पडून होता. मले काही सुचलंच नाई. विचारू कसा? वाटलं, दोन दिवस दिसली नाई त बाईचं मन बदलन. आणि सकाळी तोंडातून भलतंच निघालं. राग आला होता पोरी. एवढ्या वर्षात मले तरी सांगाले पाह्यजे होतं तिनं." ते थांबले. "ती गेली त मी कोणासंगं बोलू? बायको गेली तवा महिनाभर त्या बाईनं माह्या गिऱ्हाइकाले सांभाळून घेतलं. या मशीनीचा आवाज तिच्या बांगड्याच्या आवाजात मिसळला नाई त मले काम होत नाई."

"नानाजीभाऊ," दिव्यानी म्हणाली. "ती बांगडी नजमाबाईंनी नाही कोरली. मी कोरली."

नानाजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडं असं पाहिलं की तिला लहान पोरीसारखं रडू फुटलं. तेवढ्यात बाहेर निकेशची मोटारसायकल थांबली.

५

निकेशनं कागद नजमाबाईंच्या काउंटरवर पसरले होते. नजमाबाईंनी पेन हातात घेतलं होतं. इसरू आणि रफीकभाऊ ओट्यावर येऊन उभे होते आणि कोणीच कोणाकडं बघत नव्हतं.

नानाजी फळी दोन्ही हातांनी उचलून घेऊन आले. आपल्या दुकानापासून नजमाबाईंच्या दुकानापर्यंत अंतर ते काय, पण ते चालायला म्हाताऱ्याला वेळ लागला. त्यांनी फळी काउंटरला टेकवून उभी केली, खुणांची बाजू पुढं करून.

दिव्यानीनं सगळं सांगितलं. छिन्नी, बेत, काल संध्याकाळ. काहीही न लपवता. मग नानाजींनी आपला वाटा सांगितला, तो मात्र जमिनीकडं बघून.

नजमाबाईंनी त्या गोलावरून बोट फिरवलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुमाले वाटलं, मी न सांगता जाईन?"

"खूण पाह्यली न बाई. मंग काय वाटन?"

"काय पाह्यलं तुमी? एक बांगडी." नजमाबाईंचा आवाज चढला, पण त्यात राग उरला नव्हता. "जिंदगीभर माह्या बाजूले बसले, नानाजीभाऊ. कधी पाह्यलं का मी कोणाच्या हातात एकच बांगडी भरली म्हणून? मी कोरली असती त जोड कोरली असती. एकटी बांगडी बांगडीवाली कोरन का?"

"डोळ्यात पाणी आलं होतं," नानाजी म्हणाले. "मोजली नाई."

इसरू पहिल्यांदा हसला. मग रफीकभाऊ. नजमाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि कागदांची घडी करून ती निकेशच्या हातात दिली. "जा बाबू. आज नाई. आणि उद्या बी नाई." निकेश दोन मिनिटं घुटमळला, नानाजींच्या तोंडाकडं पाहिलं, आणि फार न बोलता गेला.

"पण खूण त आता लागली," इसरू म्हणाला. त्याला अशा गोष्टीत सूट चालत नसे. "लागलेली खूण तासता येत नाई. आणि खूण कोरणारा जाते. हे काय करावं?"

दिव्यानीला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"हात कोणाचा?" नजमाबाई म्हणाल्या. "हिचा. मंग खूण बी हिची. आणि आज सांजच्या गाडीनं कोण जाऊन राह्यलं? हेच पोरगी जाऊन राह्यली. काय चुकलं सांग."

इसरूनं डोकं खाजवलं. रीतीला धरूनच होतं ते, कुठंच बोट ठेवता येईना. "मंग जेवण करा लागन हिचं," तो म्हणाला.

सांजची गाडी दिव्यानीला न घेताच गेली. ओट्यावर दगडांची चूल मांडली गेली. इसरूच्या घरून तांदूळ आला, रफीकभाऊंच्या घरून वांगी, नजमाबाईंनी लाखोळीची डाळ शिजवली आणि नानाजी उगाच सगळ्यांच्या मधे मधे करत राहिले. कंगवेवाल्याला, कंदीलवाल्याला, रफीकभाऊंच्या वडलांना इथंच बसवून जेवू घातलं होतं, असं इसरू सांगत होता. दिव्यानी ज्यांच्याबद्दल महिनाभर लिहीत होती त्यांच्या पंगतीत आता तिचं पान मांडलं होतं. पहिला घास हातात घेतला आणि तो काही केल्या तिच्या तोंडात जाईना.

"फळी मी नेत नाही," ती म्हणाली. "ती इथंच राहू द्या."

"राहीनच," इसरू म्हणाला आणि तिच्या पानात आणखी भात वाढला.

नजमाबाई तिच्याजवळ सरकून बसल्या. "पोरी, ते एकटी बांगडी बरी नाई दिसत. तिची जोड कोणी तरी कोरली पाह्यजे."

"मी कोरू? उद्या सकाळी करते."

"उद्या कशी कोरशील?" नजमाबाई म्हणाल्या. "कोराले आधी इथी बसा लागते. वर्षं काढा लागते. कोणाची वाट पाहा लागते, कोणासंगं भांडा लागते. मंग कुठी सोडता येते."

दिव्यानीनं चौघांकडं पाहिलं. नानाजी डाळ फुंकत होते, आणि तिच्या उत्तराकडं आपलं लक्ष नाही असं दाखवत होते.

"बसायला येईन," ती म्हणाली, आणि जेवायला लागली.